आधी भिंग, मग किंमत

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग काळजी वाटली. तीन चांगली घड्याळं विकून सोन्यातलं एक टूर्बियाँ, म्हणजे आत फिरता पिंजरा असलेलं घड्याळ, घ्यायचं म्हणतेस, दोन समोर आहेत, आणि एवढ्या लांब पत्रात मला विचारलेला प्रश्न एकच: दोन्हींपैकी कुणाची किंमत टिकेल? तू नवखी असतीस तर मी गप्प बसलो असतो. पण एका क्रोनोग्राफसाठी, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळासाठी, तेही त्यातल्या कॉलम व्हील या स्टॉपवॉच चालू-बंद करणाऱ्या चाकापायी, तुला वर्षानुवर्षं थांबलेलं मी पाहिलंय. तेव्हा किंमत शेवटी विचारली होतीस. आता काय झालं?

अचूकतेसाठी घेतेय, असं स्वतःलाही सांगू नकोस. घड्याळजी ब्रेगे यांनी 26 जून 1801 रोजी टूर्बियाँचं पेटंट मिळवलं, ते खिशातल्या घड्याळाच्या काळात. ते घड्याळ दिवसभर खिशात उभं राहायचं. घड्याळाची चाल ठरवणाऱ्या डोलत्या चाकाच्या, म्हणजे बॅलन्स व्हीलच्या, तोलात जराशी उणीव असली की गुरुत्वाकर्षण तिला सतत एकाच बाजूने ओढायचं. म्हणून त्यांनी बॅलन्स आणि त्याला ठोक्याठोक्याने ढकलणारी एस्केपमेंट एका पिंजऱ्यात बसवले आणि पिंजराच फिरता ठेवला. बहुतेक घड्याळांत तो मिनिटाला एक फेरा घेतो. फेऱ्यातल्या अर्ध्या भागात घड्याळ पुढे पळतं, अर्ध्यात मागे रेंगाळतं, आणि दोन्ही चुका एकमेकींना खोडतात. मनगट मात्र दिवसभर आपणच हलवत असतो. रात्री घड्याळ तबकडी वर करून ठेवलंस, तर पिंजरा फिरला काय न फिरला काय, बॅलन्स आडवाच राहतो.

तू लगेच स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्लच्या, घड्याळांच्या अचूकतेच्या स्पर्धेचं नाव काढशील. 2009 मध्ये तिथे जेझे-लकूल्त्र या कंपनीचं टूर्बियाँ पहिलं आलं, 2011 मध्ये ग्रूबेल फोर्सी या कंपनीचं. मान्य. पण ती घड्याळं जुळवणारे हात कोणत्या तोडीचे असतील, याचा विचार कर. मी हातांबद्दलच बोलतोय.

आज टूर्बियाँचे पैसे आपण हाताच्या कामासाठी मोजतो. ते काम तबकडीपासून हातभर अंतरावरून दिसत नाही. म्हणून सांगतो, आधी भिंग, मग किंमत. दहापट भिंग घे आणि पिंजऱ्याला वरून धरणाऱ्या पट्टीपासून, म्हणजे ब्रिजपासून, सुरुवात कर. त्याला खरं काळं पॉलिश असेल, तर घड्याळ हळूहळू तिरकं करताना तो एका क्षणी आरशासारखा चमकतो आणि पुढच्या क्षणी पूर्ण काळा होतो. मधली धूसर छटा दिसली, तर काम अर्धवट सोडलेलं आहे. मग कडांवरचे उतार बघ, विशेषतः दोन उतार आत वळून जिथे भेटतात तो कोपरा. फिरतं हत्यार तिथे गोलाई सोडतं. टोकदार आतला कोपरा कानशीने, हातानेच काढावा लागतो. त्या एका कोपऱ्यावर कारागिराचा किती वेळ गेला असेल, हे कळलं की जाहिरातीतला ‘मर्यादित आवृत्ती’ हा शब्द आपोआप हलका होतो.

तुझं पहिलं घड्याळ फ्लाइंग टूर्बियाँ आहे. घड्याळजी आल्फ्रेड हेलविग यांनी 1920 मध्ये जर्मनीतल्या ग्लासह्यूटमध्ये केलेली ही रचना: पिंजरा फक्त खालून धरलेला, वरचा ब्रिजच नाही. दिसतं सुंदर. पण काळं पॉलिश दाखवणारी मुख्य जागाच तिथे नसते, त्यामुळे पिंजऱ्याचे हात आणि स्क्रूची डोकी जास्त बारकाईने बघ. दुसऱ्यात टूर्बियाँ मागच्या बाजूला आहे. ‘कुणाला दिसणारच नाही’ असं लिहिलंयस. अगं, तुला दिसेल ना!

माझं स्वतःचं तसंच आहे. तबकडीवर फक्त एक शब्द, पिंजरा मागे. पाटेक फिलिप या घड्याळ कंपनीने यंत्रातल्या तेलाला उजेड लागू नये म्हणून आपली कित्येक टूर्बियाँ अशीच ठेवली. लोक मला विचारतात, मग एवढे पैसे कशाला घातलेस? त्यांना मी उत्तर देत नाही. तुला देतो: रोज सकाळी किल्ली देण्याआधी ते उलटं करून बघायला मिळतं म्हणून. याला हट्ट म्हणतात, म्हणू देत. इतकी वर्षं या हट्टावर मी खूश आहे आणि तो सोडणार नाही.

आता सोनं. अठरा कॅरेट म्हणजे 75 टक्के सोनं. स्टीलपेक्षा मऊ, ओरखडे पडणारच. पडू देत. माझं पिवळ्या सोन्यातलं एक जुनं घड्याळ दुरुस्तीला गेलं आणि न विचारता पॉलिश होऊन परत आलं. लखलखीत! लगांच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या, ज्या कडा बोटाला टोचायच्या, त्या गुळगुळीत गोल झालेल्या. घासून गेलेलं सोनं परत आणता येत नाही. ते घड्याळ मी अजून घालतो, पण अंगठा कडेवर गेला की आजही जीव हळहळतो. म्हणून जुनं घेत असशील तर भिंग केसवरही फिरव. हॉलमार्कची रेषा पुसट झाली आहे का, दोन्ही बाजूंचे लग सारख्या जाडीचे आहेत का, हे बघ. किंमत नंतर, आधी भिंग!

दोन्ही घड्याळं एकाच दिवशी, एकाच दिव्याखाली बघ, आणि तोवर तुझी तिन्ही विकायला काढू नकोस. जे घेशील त्याचं टूर्बियाँ दुरुस्तीसाठी कोण उघडतो, कुठे उघडतो, हे पैसे देण्याआधी विचार. आणि कधी दुरुस्तीला दिलंस, तर ‘केसला पॉलिश करू नये’ हे वाक्य पावतीवर लिहून, त्यावर सही घेऊनच काउंटर सोड.