मूळपेशी शिरेतून सोडल्या, मग त्या हाडात कशा पोहोचतात?

भाचीला दात्याच्या मूळपेशी (ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी होतात त्या) सलाईनसारख्या शिरेतून सोडल्या, हाडात सुई घातलीच नाही, मग त्यांना वाट सापडते कशी, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. बेळगावात एका लॅबमध्ये बोन मॅरोच्या, म्हणजे हाडातल्या मज्जेच्या, स्लाइड रंगवण्यात बरीच वर्षं गेलीत, त्या जोरावर लिहितो.

मज्जेतल्या आधार देणाऱ्या पेशी सीएक्ससीएल-१२ नावाचं रसायन सारखं सोडत असतात आणि मूळपेशीला ते ओळखता येतं. रक्तातून फिरताना ते दाट लागलं की ती तिथल्या रक्तवाहिनीला चिकटते नि आत शिरते. दात्याला आधी चार-पाच दिवस इंजेक्शनं दिली असतील बघा, ती हीच पकड सैल करायला. त्यानं पेशी रक्तात उतरतात.

पण आत शिरून भागत नाही. मूळपेशी मूळपेशी राहते ती जागेमुळे, असं स्कोफील्ड या शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मांडलं. येळ्ळूरच्या शिवारातला बासमती दुसरीकडे पेरला तर तसा घमघमत नाही, असं आमच्याकडे म्हणतात, त्यातलाच प्रकार. मज्जेत राहिलेल्यांतून बी-पेशी होतात, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. तिथूनच निघून छातीतल्या थायमसमध्ये गेलेल्यांच्या टी-पेशी, हा त्यांचाच दुसरा प्रकार, होतात.

कधी कधी स्लाइडवर एक दृश्य दिसतं. मधोमध एक ऐसपैस मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणारी मोठी पेशी, भोवती कच्च्या लाल पेशी, जेवायला बसल्यासारख्या. पिकत आल्या की त्या आपलं केंद्रक बाहेर टाकतात आणि मधली बाई, म्हणजे ती मॅक्रोफेज, ते गिळून जागा साफ करते. सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी अशा तयार होतात. असं बेट दिसलं की मी शेजारच्याला हाक मारतोच, "ये की, बघ जरा!"

घरच्यांनी रोज पायाचा रस्सा सुरू केलाय म्हणता. चवीला झकास, पण नळीतली मज्जा पोटात पचून जाते, भाचीच्या हाडात जात नाही. सध्या तिचं खाणं डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

रक्तपेशींचे आकडे वर येत नाहीत म्हणून आत्ताच घाबरू नका. आधीच्या केमोनं ती जागाही पोळलेली असते, दोन ते चार आठवडे लागतात. रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिलचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, आकडा बघा. तो सलग तीन दिवस दर मायक्रोलिटरला ५०० किंवा वर राहिला, की पेशी रुजल्या असं आम्ही धरतो.