गुबगुबीत अक्षरांवर पोट भरेल का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, सायन्सला. वहीच्या मागच्या पानांवर गोलमटोल, हसरी अक्षरं काढत बसते. गल्लीतल्या गणपती मंडळाचा बोर्ड तिचाच. आता म्हणते फॉन्ट करायचेत, महागडा लॅपटॉप घ्या. 'पेंटरांची कामं फ्लेक्सनं खाल्ली, ही कुठल्या नादाला लागली?' असं ते विचारतात.

साहेब, फ्लेक्सनं ब्रश खाल्ला हे खरं, पण फ्लेक्सवरची अक्षरंही कुणीतरी काढलेलीच असतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा 'मोदक' हा जाडजूड देवनागरी फॉन्ट हातानं रेखाटलेल्या अक्षरांतूनच उभा राहिला. त्यांचाच 'बलू' देवनागरीत आहे तसा कन्नडातही आहे, 'बलू तम्मा' नावानं. दोन्ही फुकट मिळतात. तिला उतरवून घेऊन बारकाईनं बघू दे.

बोर्डावर सात-आठ अक्षरं जमणं वेगळं आणि फॉन्ट वेगळा. तिला तिच्याच जाड वळणात 'विठ्ठल' आणि 'राष्ट्र' लिहायला सांगा. ठ खाली ठ आला की पोटातली मोकळी जागा बुजते, ष्ट्र तर काळा गोळाच होतो. कुठं रेघ बारीक करायची, कुठं अक्षर थोडं दाबायचं, तरी सगळी एकाच घरातली दिसली पाहिजेत, खरं काम हे. जोडाक्षरं धरून अशी काही शे चिन्हं होतात. यात रमली तर नाद खरा समजा.

असली अक्षरं खाऊच्या पाकिटावर, मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, मोबाइल गेममध्ये शोभतात. बारीक मजकुराला चालत नाहीत. (गुबगुबीत अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलेला फ्लेक्स मी पाहिलाय. गेलेला माणूस विनोदी असावा अशी आशा.)

तुमच्याकडे जन्मतःच मिळालेली गोष्ट म्हणजे दोन लिप्या. कन्नड अक्षर मुळातच गोल, त्याचं जोडाक्षर खाली लोंबतं. देवनागरीला वर शिरोरेषा. एकाच पाकिटावर दोन्ही सारख्या वजनाची दिसायला हवीत, आणि हे दोन्ही वाचता येणाऱ्यालाच नीट साधतं. कर्नाटकात पाटीवर 60 टक्के कन्नड सक्तीचं झाल्यापासून तर दुकानदारालाही याची गरज आहे.

फक्त फॉन्ट करणाऱ्या संस्था मात्र थोड्या, नोकऱ्या मोजक्या. म्हणून शिक्षण व्हिज्युअल कम्युनिकेशनचं, म्हणजे चित्र-अक्षरांतून सांगणं पोचवायच्या डिझाइनचं घ्यावं, म्हणजे पॅकेजिंग, ब्रँडिंग, अ‍ॅप डिझाइनची दारं उघडी राहतात. बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती 'यूसीड' आणि अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची 'डॅट', या दोन परीक्षा बघा. दोन्हींना कुठलीही शाखा चालते, तेव्हा सायन्स सोडायची घाई नको. यूसीड जानेवारीत असते आणि तीत चित्र काढायचा भागही असतो.

लॅपटॉप सध्या नको. पेन्सिल, ट्रेसिंग पेपर आणि घरच्या किंवा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बनवायचं फुकटचं सॉफ्टवेअर 'फॉन्टफोर्ज' एवढ्यावर वर्ष निघेल. सुट्टीत बेळगावात एखाद्या फ्लेक्सवाल्याकडं महिनाभर बसवा. गिऱ्हाईक अक्षराला नावं कशी ठेवतं, ते तिथंच कळतं.