ॲरिस्टॉटलने निवडणुकीला लोकशाहीची खूण का मानले नाही?

अधिकारी चिठ्ठ्या टाकून नेमणे हे लोकशाहीचे आणि मतदानाने निवडणे हे अल्पजनशाहीचे (मोजक्यांच्या सत्तेचे) लक्षण मानले जाते, असे प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात नोंदवतो, आणि त्यामागे अथेन्स या ग्रीक नगरराज्याचा प्रत्यक्ष व्यवहार होता. मतदानात घराणे, पैसा व वक्तृत्व असलेलेच पुढे येतात. चिठ्ठीपुढे मात्र सगळे नागरिक सारखे ठरतात (स्त्रिया, गुलाम व परकीय रहिवासी नागरिकांत धरलेच जात नसत, हे विसरता कामा नये). म्हणून तेथील ५०० जणांचे मंडळ नागरिकांच्या १० गणांतून (विभागांतून) प्रत्येकी ५० असे चिठ्ठीने भरले जाई. न्यायदानाला बसणारे नागरिक निवडताना तर त्यांच्या नावांच्या पट्ट्या दगडी यंत्राच्या खाचांत बसवून, नळीतून पडणाऱ्या काळ्या-पांढऱ्या फाशांनुसार पट्ट्यांची अख्खी ओळ घेतली वा वगळली जाई. सेनापती मात्र मतांनीच निवडत, आणि अथेन्सचा नामवंत नेता पेरिक्लीस त्याच पदावर वर्षानुवर्षे निवडून येत राहिला.