वाचक विचारतात : वाहनापुढे जनावर आले तर

रात्रीच्या प्रवासात आडव्या येणाऱ्या जनावरांविषयी वाचकांनी बरीच पत्रे पाठवली आहेत. त्यांपैकी काही पत्रे संक्षिप्त करून येथे उत्तरांसह देत आहोत.

मी शिक्षक असून साकोली ते देवरी हा रस्ता मला वरचेवर रात्री कापावा लागतो. अलीकडे एक चितळ रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि सतत हॉर्न वाजवूनही हलेना. मागून ट्रक येत असल्याने मी गाडी एकदम डावीकडे साइडपट्टीवर काढली. हे योग्य झाले का? — एक शिक्षक, जि. गोंदिया

आपण सुखरूप आहात याचे श्रेय त्या ठिकाणच्या साइडपट्टीला द्यावे लागेल. तेथे खड्डा, मैलाचा दगड किंवा सागाचे झाड असते, तर चितळ वाचले असते आणि गाडीतल्या माणसांवर बेतले असते. अंधुक उजेडात वावरणाऱ्या हरणांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो. त्यामुळे त्यांना चांदण्यातही दिसते. परंतु हेडलाइटचा झोत थेट डोळ्यांत गेला की त्यांना काहीच उमगत नाही आणि ती जागीच खिळून राहतात. म्हणून प्रथम दिवे डिम करावेत, हॉर्न सलग न दाबता तुटक वाजवावा आणि स्टिअरिंग सरळ ठेवून जोरात ब्रेक लावावा. गाडीला एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेकचे पेडल थरथरते. त्या थरथरीला घाबरून पाय काढू नये. मागच्या ट्रकसाठी चारही इंडिकेटर लावावेत. मात्र त्याला सूचना मिळण्याचा खरा मार्ग म्हणजे जंगलाचा पट्टा सुरू होताच आपण आधीपासून हळू चालणे.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण येणाऱ्या पत्रांपैकी बहुतेकांत “जनावर अचानक आले” हे वाक्य असते आणि वेगाचा आकडा मात्र नसतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच ३३ मीटर संपतात. पुढे कोरड्या डांबरावर गाडी थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. म्हणजे एकूण जवळजवळ ७० मीटर झाले, आणि ओल्या रस्त्यावर हेच अंतर ९० मीटरपर्यंत जाते. डिम दिव्याचा उपयोगी उजेड साधारण ५० ते ६० मीटरच पोहोचतो. याचा अर्थ असा की, ८० च्या वेगात जे जनावर डिम दिव्यात प्रथम दिसते, त्याच्या अलीकडे गाडी थांबवणे कोणत्याही कुशल चालकाला शक्य नाही. तोच वेग ६० असेल तर सगळे मिळून सुमारे ४५ मीटर लागतात आणि गाडी उजेडाच्या पल्ल्यात थांबते. समोरून वाहन नसताना अप्पर लावून अंतर वाढवता येते, पण जनावर दिसताच तो उतरवण्याची सवय हाताला हवी.

आणखी एक गोष्ट म्हणजे चितळ क्वचितच एकटे असते. एक पलीकडे गेले म्हणून लगेच गाडी दामटू नये, कारण मागची दोन-तीन जनावरे कळपाला गाठण्यासाठी आंधळेपणाने धावतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळू लागली की रस्त्याकडेच्या मोहाखाली पहाटे हरणेही असतात, अस्वलेही असतात आणि टोपल्या घेतलेली माणसेही असतात. आपल्या भागात त्या दिवसांत पहाटेचा प्रवास उजाडेपर्यंत लांबवता आला तर उत्तम.

दूरवर चमकणारे डोळे पाहून मी नेहमी सावध होतो, तरी रानडुक्कर अगदी पुढ्यात येईपर्यंत दिसले नाही. असे का व्हावे? — एक शेतकरी, जि. यवतमाळ

डुकराच्या डोळ्यांत वर सांगितलेला थर नसतो, त्यामुळे त्याचे डोळे हरणासारखे किंवा बिबट्यासारखे चमकत नाहीत. अंग काळपट, उंची कमी आणि चाल सरळ रेषेतली. हरभऱ्याच्या नाहीतर मक्याच्या शेतातून ते थेट डांबरावर येते. रोह्याचे (नीलगायीचे) डोळे चमकतात, पण तो पलीकडे पाहत उभा असला तर तेही दिसत नाहीत, आणि त्याच्या लांब पायांमुळे धडक बसल्यावर दोनशे किलोंहून अधिक वजनाचे धड थेट समोरच्या काचेवर येते. चमकणारे डोळे ही मिळाली तर घ्यावी अशी सूचना आहे; ते दिसले नाहीत म्हणजे रस्ता मोकळा आहे, असा हिशेब करू नये.

पावसाळ्यात रात्री महामार्गावर बसलेल्या म्हशीला माझी कार धडकली. म्हैस मेली, कारचा पुढचा भाग चेपला. म्हशीच्या मालकाने जागेवर मोठी रक्कम मागितली. कायदा कोणाच्या बाजूने आहे? — एक व्यापारी, जि. सोलापूर

पावसाळ्यात गोठ्यातला चिखल आणि डास यांपेक्षा कोरडे, उबदार डांबर जनावरांना बरे वाटते, म्हणून ती रस्त्यावर येऊन बसतात. काळी म्हैस पाठमोरी बसली असेल तर रात्री ती रस्त्याचाच भाग वाटते.

म्हैस ही दुसऱ्याची मालमत्ता असल्याने मोटार वाहन कायद्याच्या कलम १३२ आणि १३४ नुसार थांबणे आणि पोलिसांना चोवीस तासांच्या आत माहिती देणे हे चालकाचे कर्तव्य ठरते. जनावर ठार करण्याविषयीचे भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ हेतुपुरस्सर किंवा जाणूनबुजून केलेल्या कृत्याला लागू होते. निव्वळ अपघात त्यात बसत नाही. उलट, आपल्या जनावरापासून माणसांच्या जिवाला धोका होऊ नये याची काळजी न घेणारा मालक त्याच संहितेच्या कलम २९१ खाली दोषी ठरू शकतो आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महामार्गांवरील मोकाट गुरे हटवण्याचे निर्देश दिले आहेत, त्यामुळे रस्त्याची देखभाल करणाऱ्या यंत्रणेलाही आता हात झटकता येणार नाहीत.

रस्त्यातच हुज्जत घालून तोडपाणी करण्याची आपल्याकडे रीत आहे. आमचे मत त्याविरुद्ध आहे. जमाव गोळा झाला असेल तर ११२ वर पोलिसांना बोलवावे आणि राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वरही कळवावे. जनावर जखमी असेल तर १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते. आपल्या कारची भरपाई मिळेल की नाही हे विम्याच्या प्रकारावर अवलंबून आहे: केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचा खर्च मिळत नाही, संपूर्ण विमा असेल तर मिळतो. मात्र गाडी हलवण्यापूर्वी छायाचित्रे काढून विमा कंपनीला लगेच कळवावे.

नारायणगावजवळ आमच्यापुढच्या गाडीची धडक बसून बिबट्या रस्त्याकडेला पडला. ती गाडी निघून गेली. वनखात्याच्या चौकशीच्या भीतीने आम्हीही थांबलो नाही. आम्ही काय करायला हवे होते? — एक वाचिका, पुणे

थोडे पुढे सुरक्षित जागी थांबून, काचा बंद ठेवून १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर किलोमीटरच्या दगडासह ठिकाण सांगायला हवे होते. जुन्नर भागात ऊस हेच बिबट्यांचे घर झाले असल्याने पुणे-नाशिक रस्ता त्यांना रोज ओलांडावा लागतो. तेथील माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे, म्हणजे उपचारांची सोय फार दूर नाही. जखमी बिबट्या निपचित दिसला तरी खाली उतरून जवळ जाऊ नये, पाणी पाजू नये, मोबाइलवर चित्रणासाठी गर्दी होऊ देऊ नये. कळवणाऱ्याला आरोपी समजले जाते ही भीती अनाठायी आहे. गुन्हा घडतो तो मेलेला प्राणी किंवा त्याचे नख, कातडे, मांस उचलून नेल्याने, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ नुसार चुकून मारला गेलेला वन्यप्राणीही सरकारी मालमत्ता असतो. ससा किंवा रानडुक्कर “नाहीतरी मेलेच आहे” म्हणून डिकीत टाकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

सगळा दोष चालकाचाच का? जंगलातून चौपदरी रस्ते काढणाऱ्यांची काहीच जबाबदारी नाही का? — एक अभियंता, नागपूर

आहे, आणि ती पार पाडता येते याचा दाखला आपल्या शहराजवळच आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कडेने जातो. तेथे मनसर ते खवासा या टप्प्यात प्राण्यांसाठी पुलांसारखे नऊ भुयारी मार्ग बांधले आहेत. त्यांतला सर्वांत लहान सुमारे ५० मीटर आणि सर्वांत मोठा सुमारे ७५० मीटर लांबीचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत त्यांखालून वाघांसह अनेक प्राणी जाताना टिपले गेले आहेत. कर्नाटकात बंदीपूरमधून जाणारा महामार्ग २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. प्रत्येक रस्त्याला एवढा खर्च किंवा एवढी बंदी शक्य नाही. अशा रस्त्यांवर फलकावरचा वेग पाळणे एवढेच आपल्या हातात उरते.

दिवाळीनंतर कुंभार्ली घाटात मेंढ्यांचा कळप भेटतो. हॉर्न द्यावा की थांबावे? — एक वाचक, चिपळूण

थांबावे. देशावरचे धनगर त्या सुमारास कोकणात उतरतात आणि पावसाआधी परततात. हॉर्नने मेंढ्या बिथरून दरीच्या बाजूला किंवा समोरच्या एसटीखाली जातात. धनगर काठीने वाट करून देईल, त्याच्या इशाऱ्यावर पहिल्या गिअरमध्ये निघावे.

दुचाकीमागे कुत्री धावतात तेव्हा वेग वाढवावा का? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

नाही. पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग करण्याची त्यांची वृत्ती वेगाने अधिकच चेतते. वेग हळूहळू कमी करावा, पाय उचलून धरू नयेत किंवा लाथही झाडू नये, कारण त्यात तोल जातो. बहुतेक वेळा आपली हद्द संपली की कुत्री मागे फिरतात.

ताम्हिणी घाटात माकडांना केळी दिल्याने पुण्य लागते, असे सासूबाई म्हणतात. गाडी बाजूला घेऊन दिली तर चालेल ना? — एक गृहिणी, ठाणे

सासूबाईंचा भाव चांगला आहे, पण केळ्याची चटक लागलेले माकड दिवसभर वळणावर गाड्यांची वाट पाहत बसते आणि त्याच्यामागे पिलेही डांबरावर येतात. आपली गाडी बाजूला असली तरी मागून येणारी बाजूला नसते. काच खाली करून फेकू नये, थांबून देऊ नये आणि सालीही टाकू नयेत. केळी ठाण्याला परतल्यावर घराजवळच्या गोशाळेत देता येतील.