आधी भिंग, मग पैसे

चि.,
अनेक आशीर्वाद.

सिगारेटच्या पाकिटात येणाऱ्या, नट्यांच्या चित्रांच्या जुन्या शंभर कार्डांचा तो गठ्ठा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नकोस. गठ्ठ्यात बहुतेक दुसऱ्यांनी नाकारलेला मालच असतो.

सिगारेटचं पाकीट तेव्हा मऊ कागदाचं. ते चेपू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालत. १८८०च्या दशकात अमेरिकेतल्या अ‍ॅलन अँड गिंटर, ड्यूक वगैरे कंपन्यांनी त्यावर नट्यांची चित्रं छापली आणि संच पुरा करायच्या नादात गिऱ्हाईक त्याच ब्रँडला चिकटलं. सुंदर चेहरा ही जाहिरातच होती, हे विसरू नकोस.

दहापट भिंग घे. लिव्हरपूलच्या ऑग्डन कंपनीच्या ‘गिनी गोल्ड’ सिगारेटींचं कार्ड म्हणजे खरा फोटो. त्यात छपाईचे ठिपके दिसणार नाहीत, गालावरची सावली सलग विरत जाते. कार्ड तिरकं धरलंस तर काळ्या भागावर कधी रुपेरी झाक येते. जुन्या रंगीत लिथोत, म्हणजे शिळाछपाईत, ठिपके असतात, पण हाताने मारलेले, वेडेवाकडे. निळे, गुलाबी, पिवळे ठिपके शिस्तीत नक्षी धरून बसले असतील, तर ती अलीकडची नक्कल समज.

सगळ्या नट्या जमवण्यापेक्षा एकीचाच माग काढ. एडना मे घे. ‘द बेल ऑफ न्यूयॉर्क’ या संगीत नाटकात ती सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेतली मुलगी झाली, १८९७ला न्यूयॉर्कात, पुढच्या वर्षी लंडनमध्ये, आणि तिथे ती डोक्यावर घेतली गेली. १९०७मध्ये लग्न करून रंगभूमी सोडली. म्हणजे त्या भूमिकेच्या वेशातलं तिचं कार्ड १८९७च्या आधीचं असूच शकत नाही. कपड्यांवरून साल काढायची ही सवय लागली की दुकानदाराच्या थापा चालत नाहीत.

आपल्याकडेही ही कार्डं आली. विल्सच्या ‘सीझर्स’ सिगारेटी इथल्या गोऱ्या पलटणींत खपायच्या, त्यांच्या कार्डांवरही नट्या असत. (त्याच सुमारास आपल्या रंगभूमीवर बालगंधर्व नायिका रंगवत होते!)

पीव्हीसी प्लॅस्टिकचे अल्बम नकोत, पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकचे कप्पे घे. डिंक, टेप लांब ठेव. जुन्या वहीतून उपटलेल्या कार्डाची पाठ सोलवटलेली असते, किंमत तिथेच पडते. म्हणून विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागव आणि पैसे देण्याआधी मला पाठव.