वाचकांचे प्रश्न : ओल्या रस्त्यावर मागचा भाग का सुटतो?

या खेपेच्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे, रिअर-व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्स कार आणि ओला रस्ता. टायर चढवणं-उतरवणं आणि व्हील अलाइनमेंट हा माझा रोजचा उद्योग, त्यामुळे ही पत्रं संपादकांनी माझ्याकडे ढकलली. एक सविस्तर घेतो, बाकीची थोडक्यात.

प्रश्न : माझी दोन दारांची स्पोर्ट्स कार आहे. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. कोरड्या रस्त्यावर काही तक्रार नाही. पण रस्ता ओला असला की गोल चौकातून बाहेर पडताना, दुसऱ्या गिअरमध्ये जरासा एक्सलरेटर दिला तरी मागचा भाग बाहेर जातो. टायर नामांकित कंपनीचे आहेत. पुढच्यांवर ६ मिमी आणि मागच्यांवर ४ मिमी नक्षी शिल्लक आहे, म्हणजे टायरचा दोष नसावा. मित्र म्हणतात डिफरन्शियल बघ, शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदल. कुठून सुरुवात करू? टायरचे फोटो सोबत जोडले आहेत.

उत्तर : सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. गोल चौक, दुसरा गिअर, म्हणजे वेग ताशी तीस-पस्तीस किलोमीटर. गाडी पाण्यात घसरते म्हणून कोणी आलं की मी आधी वेग विचारतो. तीसला घसरणारी गाडी आणि शंभरला घसरणारी गाडी यांची दुखणी निराळी, आणि इलाजही निराळे.

शंभरच्या वेगात साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगली तर दोष बहुधा नक्षीच्या खोलीचा. पाणी खाचांमधून बाहेर पडायला वेळ आणि जागा, दोन्ही अपुरी पडतात. तीसच्या वेगाला तसं होत नाही. चौकातल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि ४ मिमीच्या खाचा तो सहज बाजूला सारतात. तिथे पकड येते ती रबरातून. डांबरातल्या खडीचे बारीक उंचवटे रबरात रुततात, रबर दबतं, पुन्हा उसळतं, आणि या दबण्या-उसळण्यात जी ऊर्जा खर्च होते तीच ओल्यातली पकड. कोरड्यात रबर रस्त्याला चिकटतं, त्याचीही मदत असते. पाण्याच्या थरामुळे ती मदत बरीचशी जाते. मग रबर मऊ नसेल, तर उरतं काय? जुनी, कडक झालेली रबरी चप्पल ओल्या फरशीवर कशी सटकते ते आठवा. तिच्या तळाला नक्षी असते, तरी सटकते.

आता तुमचे फोटो. मागच्या टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतर जी लांबलचक ओळ आहे, तिच्या शेवटचे चार आकडे २२१६ आहेत. म्हणजे हा टायर २०१६ सालच्या बाविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शिल्लक राहिली, कारण गाडी जास्त वेळ उभीच असते. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. रोजच्या वापरातल्या गाडीचे टायर झिजून बदलले जातात, हौसेच्या गाडीचे टायर न झिजता म्हातारे होतात. नक्षीच्या ठोकळ्यात अंगठ्याचं नख दाबून बघा. ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे, पण नव्या टायरशेजारी बसून दोन्हींवर करून पाहिलीत तर फरक बोटालाच समजतो. खाचांच्या तळाशी आणि बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, तर पुढे विचार करायचं कारण नाही.

मग पुढचे टायरही तितकेच जुने असताना मागचाच भाग का सुटतो? प्रत्येक टायरकडे पकडीचा एक ठरावीक साठा असतो. त्यातूनच वळणाचा बाजूचा जोर झेलायचा आणि त्यातूनच गाडी पुढे ढकलायची. पुढच्या चाकांना चौकातून बाहेर पडताना फक्त वळायचं असतं. मागच्यांना वळायचंही असतं आणि इंजिनाचा जोरही जमिनीवर उतरवायचा असतो. कोरड्यात साठा मोठा, म्हणून दोन्ही निभतं. ओल्यात साठा आकसतो, पण तुमच्या पायाची सवय कोरड्यातलीच. दुसऱ्या गिअरमध्ये चाकापर्यंत पोचणारा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, चांगलाच असतो. तेवढ्यानेच साठा संपतो, बाजूचा जोर झेलायला काही उरत नाही आणि मागचा भाग निघतो. एक्सलरेटर एकदम सोडला किंवा घाईने खालचा गिअर टाकला तरी हेच होतं, कारण इंजिनाचा ब्रेकही त्याच दोन चाकांवर लागतो.

डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारं यंत्र. त्याबद्दल मित्र अगदीच चुकलेले नाहीत, पण त्याचा क्रम नंतरचा. साध्या डिफरन्शियलमध्ये ओल्यात आतलं चाक एकटं गरगरतं आणि बाहेरचं बाजूची पकड धरून ठेवतं. गाडी पुढे जात नाही, पण फिरतही नाही. लिमिटेड-स्लिप, म्हणजे एका चाकाला एकटं गरगरू न देणारं, असेल तर दोन्ही चाकं एकत्र सुटतात, आणि ती एकत्र सुटली की मागे धरणारं कोणी राहत नाही. तुमच्या गाडीत ते असेल तर हा बिघाड नाही, ती त्या यंत्राची चाल आहे. त्याला चांगल्या रबराची गरज जरा जास्तच.

आणखी एक गोष्ट फोटोत दिसत नाही. तुम्ही मागचे ४ मिमी कुठे मोजलेत? बहुतेक जण उभ्या उभ्या बाहेरची कड बघतात. या गाड्यांची मागची चाकं वरच्या बाजूने आत झुकलेली असतात, म्हणून आतली कड आधी झिजते. टो, म्हणजे वरून बघताना चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडला असेल तर फारच लवकर. मागे गुडघे टेकून बसा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि तळहात टायरच्या आतल्या कडेवरून आडवा फिरवा. बाहेर ४ मिमी आणि आत गुळगुळीत, असा टायर माझ्याकडे वरचेवर येतो. कधी कधी तारा हाताला लागतात. मालक मात्र बाहेरून बघून खूश असतो. (तळहात सावकाश फिरवा, तारा टोचतात.)

तेव्हा क्रम असा ठेवा : चारही टायर नवे, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, गाडीच्या मूळ मापाचे. लगेच अलाइनमेंट. शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्यानंतर, आणि तेही गळत असतील तरच. नवे टायर पहिले काही दिवस थोडे घसरतात, कारण साच्यातून काढताना लावलेल्या पदार्थाचा अंश पृष्ठभागावर असतो. तेवढे दिवस पाय हलका ठेवा.

प्रश्न : पकड वाढावी म्हणून मागे २२५ ऐवजी २६५ रुंदीचे टायर टाकायचा विचार आहे. पावसात फायदाच होईल ना?

उत्तर : कोरड्यात होईल. साचलेल्या पाण्यात तोटा होईल. हिशेब साधा आहे. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. रस्त्यावर ३ मिमी पाणी असेल तर २२५ मिमी रुंदीच्या टायरला सेकंदाला सुमारे १७ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. २६५ च्या टायरला जवळजवळ २० लिटर. गाडीचं वजन तेच, म्हणजे रुंद टायरखाली पाण्याला ओलांडायचं अंतर वाढलं आणि ते पिळून काढणारा जोर मात्र तेवढाच राहिला. रबराचा एखादा ठोकळा रस्त्याला टेकून असतो जेमतेम सेकंदाच्या हजार भागांतले पाच भाग! ठशाची, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकलेल्या भागाची, लांबी १२ सेंटीमीटर धरली तर एवढाच वेळ मिळतो, आणि तेवढ्यात सगळं उरकायचं.

सरळ रस्त्यावर पुढचं चाक मागच्यासाठी वाट बरीचशी मोकळी करून देतं. पण पुढे २२५ आणि मागे २६५ असतील तर मागच्याच्या कडा न सारलेल्या पाण्यातून जातात.

रुंदीपेक्षा टायर आणि गाडी यांची जोडी महत्त्वाची. २०१२ साली टोयोटा जीटी८६ आली तेव्हा तिच्या चारही चाकांना २१५ चे, प्रिअसवरही येणारे मिशलँ प्रायमसी एचपी टायर होते. ते मुद्दाम बेताच्या पकडीचे निवडलेले. गाडी लवकर सुटते, पण सांगून, हळूहळू सुटते. उलट होंडा एस२००० चे सुरुवातीचे मॉडेल मर्यादेवर झटकन फिरतात अशी त्यांची ख्याती. पुढे २००४ च्या सुधारणेत होंडाने मागचा टायर २२५ वरून २४५ केला आणि सोबत सस्पेन्शनही बदललं. हे ‘सोबत’ लक्षात घ्या. कारखान्याने टायर एकटा बदलला नाही, तुम्ही तो एकटा बदलणार आहात.

प्रश्न : मागचे दोनच टायर संपले आहेत. नवे दोन पुढे लावून पुढचे मागे टाकले तर? स्टीअरिंग पुढच्या चाकांवर असतं, म्हणून विचारलं.

उत्तर : नको. नवे टायर मागेच लावा. पुढची पकड आधी गेली तर गाडी सरळ जायला बघते. पाय सैल केला, वेग उतरला, की बहुतेकदा परत वळते. मागची आधी गेली तर गाडी फिरते, आणि बहुतेकांना ती पकडता येत नाही. ज्यांच्या गाडीला पुढे-मागे वेगळी मापं आहेत त्यांना हा प्रश्न पडायचाही नाही, तिथे अदलाबदल होतच नाही.

प्रश्न : पावसात हवा थोडी कमी ठेवली की टायर जास्त टेकतो, असं ऐकलं आहे. खरं आहे का?

उत्तर : पाण्यात उलटं आहे. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सूत्र मांडलं. टायर पाण्यावर कोणत्या वेगाला तरंगेल ते हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतं. दाब पीएसआयमध्ये घेऊन त्याच्या वर्गमुळाला १६.७ ने गुणलं की वेग ताशी किलोमीटरमध्ये येतो. ३६ पीएसआयला सुमारे १००, २५ पीएसआयला सुमारे ८३. कारच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लावू नका, नक्षी आणि ठशाचा आकार यांनी ते बदलतात. दिशा मात्र तीच. हवा कमी झाली की ठशाचा मधला भाग दबाव सोडतो आणि पाणी तिथे घुसतं. दाराच्या चौकटीवर जो आकडा छापलाय तो, टायर थंड असताना. हवामान गार झालं की दाब आपोआप उतरतो, म्हणून तेव्हा पुन्हा तपासा.

प्रश्न : ट्रॅकसाठीचे सेमी-स्लिक टायर लावले आहेत. त्याच टायरवर पावसात घरी येणं कितपत धोक्याचं?

उत्तर : रिमझिम असेल, टायर नवे आणि कोमट असतील, तर जपून याल. मुसळधार असेल तर थांबा. या टायरना खाचा मुळातच कमी आणि उथळ असतात. शिवाय गारठ्यात हे रबर कडक पडतं. साधे उन्हाळी स्पोर्ट्स टायरही ७ अंशांच्या खाली मऊपणा गमावतात, हे तर त्याहून नाजूक. स्टॅबिलिटी कंट्रोलवर भिस्त ठेवू नका. तो एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सावरतो, पण तो ब्रेक जमिनीपर्यंत पोचवायला टायरच लागतो. २०१९ ला आलेल्या ९९२ पिढीच्या पोर्शे ९११ मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत ध्वनी टिपणारे सेन्सर आहेत. उडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून ते रस्ता ओला असल्याचं ओळखतात आणि वेट मोड लावायला सुचवतात. त्या मोडमध्ये एक्सलरेटरचा प्रतिसाद सौम्य होतो, स्टॅबिलिटी कंट्रोल आधी जागा होतो. पण खाचा तो वाढवू शकत नाही.

प्रश्न : नक्षी किती उरली की टायर बदलावा? खाचांमधल्या पट्ट्या अजून वर आलेल्या नाहीत.

उत्तर : झीज दाखवणाऱ्या त्या पट्ट्या खाचेच्या तळापासून १.६ मिमीवर असतात. ती कायद्याची किमान मर्यादा, पावसाची नव्हे. नवा टायर ८ मिमीच्या आसपास असतो. रिअर-व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्स कारचे मागचे टायर मी ३ मिमीला बदलायला सांगतो. मोजताना गेज आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत घाला आणि तिन्हींतला सगळ्यात कमी आकडा धरा.