दुसरी एसएसडी घेण्याआधी झाकण उघडून बघ

अरे, दुसरी एसएसडी, म्हणजे डेटा साठवायची ड्राइव्ह, घ्यायला नौपाड्यातल्या दुकानात जायच्या आधी लॅपटॉपचं मागचं झाकण उघड. हलक्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा ती बसवायचा दुसरा स्लॉट (खाच) नसतोच, आणि असला तरी कधीकधी आखूड, २२४२ मापाचा असतो. म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ४२ लांब. मी न मोजता ८० लांबीची आणली होती, परत बदलायला जावं लागलं. स्लॉट एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) घेतो की फक्त साटा (जुन्या, हळू प्रकारची), तेही मॅन्युअलमध्ये बघ. दिसायला दोन्ही जवळपास सारखेच. काम सुरू करताना आधी बॅटरीचा कनेक्टर काढ. एसएसडी तिरकी सरकव, हलकेच दाबून स्क्रू लाव. तो तांदळाच्या दाण्याएवढा असतो, वाटीत ठेव. हा स्क्रू एसएसडीबरोबर मिळेलच असं नाही. विंडोजमध्ये दिसली नाही तर घाबरू नकोस, विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइज कर (वापरासाठी तयार करायची पहिली पायरी), आणि डिस्कची विभागणी नोंदवायची पद्धत विचारली की जीपीटी निवड.